पगारवाढ झाली, पण पत्र्याखालच्या उकाड्याचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या पगारवाढीच्या कराराची बातमी आली, हार-बिर घातलेला फोटोपण आला. पैसे वाढले, चांगलंच झालं, नाही कोण म्हणतंय. युनियन नसती तर डबल ओव्हरटाईमसुद्धा मिळाला नसता. पण त्या अख्ख्या करारात शेडमधल्या उकाड्यावर एक ओळ नाही.

जळगावचा मे महिना सगळ्यांना माहिती, पारा ४५ च्या पुढे. आमचं काम चटईचं, प्लास्टिक वितळवायला मशीनचं बॅरल २०० डिग्रीच्या वर ठेवावं लागतं, वर पत्रे, एक्झॉस्ट निम्मे बंद आणि चालू आहेत ते नुसता आवाज करतात. सेकंड शिफ्टवाल्याने संध्याकाळी डबा उघडला की वरण आंबलेलं. हेल्पर मानेवर ओला रुमाल टाकतो, तो पाच-दहा मिनिटात वाळून कडक.

हे हेल्पर बहुतेक ठेकेदाराचे, युनियनचे मेंबर नाहीत, म्हणून त्यांचा विषय मीटिंगमध्ये निघतच नाही. थंड पाण्याचा कूलर ऑफिसच्या बाजूला, परमनंट माणूस जाऊन येतो, ठेकेदाराचं पोरगं मशीन सोडून गेलं की सुपरवायझर बोंबलतो. आता १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये २५० च्या वर कामगार असले तर उन्हाळ्यात थंड पाणी द्यायचं लिहिलं होतं, शेडमध्ये हवा खेळती ठेवायची आणि छप्पर असं पाहिजे की आत गरमी कमी राहील हेपण होतं, आणि त्यात कामगार म्हणजे ठेकेदाराचा माणूसपण आलाच, वेगळा नाही काढलेला. आमच्या पुढाऱ्यांना हे कलमासकट पाठ आहे, इलेक्शनच्या वेळी बरोबर आठवतं!

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे ९ तासांचे १२ तास करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेणार म्हणे. ज्याचा गेटपास ठेकेदाराच्या खिशात, तो त्या कागदावर ‘नाही’ असं लिहिणार का?

युनियनला एवढंच सांगणं आहे की पुढच्या मागणीपत्रात पैशाच्या आधी एक्झॉस्ट, पत्र्याखाली गरमी अडवणारी शीट आणि मशीनजवळ पाणी टाका, ठेकेदाराच्या पोरांसकट. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी सकाळी अकराला एसी केबिनमध्ये चहा पिऊन सही करण्यापेक्षा मे महिन्यात दुपारी तीनला यावं, मशीनपाशी अर्धा तास उभं राहावं.

नाव छापू नका ही विनंती.

– एक चटई कामगार, जळगाव