डर्ट बाइक रस्त्यावर आणण्यापूर्वी

महोदय,

एका गाडीची चासी (सांगाडा) आणि दुसरीचे इंजिन जोडून स्वतःची डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची मोटारसायकल, घडवणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र हेडलाइट, इंडिकेटर, आरसे आणि हॉर्न बसवले की अशी गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य झाली, हा समज चुकीचा आहे. मैदानी शर्यतीच्या अनेक गाड्यांतील मॅग्नेटो (इंजिनावर चालणारे छोटे वीजजनित्र) जेमतेम इग्निशनपुरतीच, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या ठिणगीपुरतीच, वीज निर्माण करतो, त्यामुळे स्टेटरची (त्यातील वीज देणाऱ्या स्थिर वेटोळ्यांची) क्षमता वाढवून रेक्टिफायर-रेग्युलेटर (वीज एकदिश व स्थिर करणारा भाग) व बॅटरी बसवल्याशिवाय ब्रेकलाइट भरवशाचा राहत नाही, आणि मागून येणाऱ्या वाहनचालकासाठी तर तोच महत्त्वाचा इशारा असतो. खोल खाचांचे टायर चिखलात उत्तम पकड देतात, परंतु डांबरावर रबराचा कमी भाग टेकत असल्याने थांबण्याचे अंतर वाढते. रस्त्यासाठी प्रमाणित टायर हवेतच. सायलेन्सरचेही तसेच. सर्वांत अवघड भाग कागदपत्रांचा आहे. चासी क्रमांक एका गाडीचा आणि इंजिन क्रमांक दुसरीचा असल्याने दोन्हींच्या मालकीचे पुरावे जपावेत आणि जोडणीला हात घालण्यापूर्वीच नोंदणी अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी. अशा गाड्यांच्या तपासणीची पद्धत परिवहन खात्यानेही सोप्या भाषेत जाहीर करावी, ही विनंती.

— एक वाचक