बीट खा, पण गोळ्या सोडू नकोस

कडोली, जि. बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री "आई, लघवी लाल झाली ग" एवढंच बोलून तू रडायला लागलीस, तेव्हा माझे हातपाय गळाले. विचारता विचारता कळलं, हॉस्टेलवर आठ दिवस रोज बीटाचा रस चाललाय. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तो रंग बीटाचाच. दहातल्या एखाद्याला असं होतं, अंगात लोह कमी असलं तर जास्तच. बीट थांबवल्यावर एक-दोन दिवसांत लघवी साफ झाली पाहिजे. नाही झाली किंवा आग होत असली, तर लगेच डॉक्टरांना दाखव.

मला खरी काळजी लागलीय ती दुसरीच. रस सुरू केल्यापासून तू लोहाच्या गोळ्या बंद केल्यास. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, असं गावात सगळे म्हणतात. आपल्या रानात बीट पिकतं, त्यावर आपलं घर चालतं, तरी सांगते, 100 ग्रॅम बीटात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा नसतं. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली नको, तुझं 9 आहे. ते रसानं कसं भरून निघायचं?

तू पोटात होतीस तेव्हा मीही हेच केलं. गोळीनं मळमळायचं, म्हणून पाकीट फडताळात तांदळाच्या डब्यामागं ठेवलं आणि दोन्ही वेळा बीट खाल्लं. सातव्या महिन्यात विहिरीवरून घागर आणताना डोळ्यांपुढं अंधारी आली नि उंबऱ्यातच बसले. हिमोग्लोबिन 7 निघालं. सलाईनमधून लोह द्यावं लागलं. तुझ्या जिवाशी खेळले, हे अजून मनातून जात नाही.

गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घे. चहा तासभर तरी पुढं ढकल, चहानं लोह अंगी लागत नाही. मळमळलं तर गोळी जेवणानंतर घे. गोळीनं संडास काळी होते, घाबरू नको.

बीट वाईट नाही ग. त्यात फोलेट नावाचं जीवनसत्त्व भरपूर, तेही रक्ताला लागतंच. शिवाय त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू नायट्राइट करतात, पुढं अंगात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. म्हणून बाबांच्या ताटात मी बीट वाढतेच, पण त्यांचीही प्रेशरची गोळी चालू आहे. मामाला मात्र देत नाही. त्याला मुतखडा आहे, आणि बीटात ऑक्झलेट फार, त्यानंच खडे होतात.

रस गाळलास की चोथा जातो, साखर राहते. त्यापेक्षा कोशिंबीर कर. बीट सोलायचं नाही, देठ बोटभर नि खालची शेपटी ठेवूनच उकडायचं, नाहीतर रंग सगळा पाण्यात उतरतो. मग साल अंगठ्यानं सरकते. किसून दही, मीठ, मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी.

रविवारी बाबा धारवाडला येतायत. आळिवाचे लाडू, नाचणीचं पीठ आणि सकाळी उपटलेली चार बीटं पाठवते. गोळ्यांचं पाकीट त्यांना उघडून दाखव. किती संपल्या, ते मी त्यांना मोजून यायला सांगितलंय.

तुझी,
आई