मिरजेचे रस्ते मोजायला या : स्टेशन ते दवाखाना, व्हीलचेअरवरून

समस्त मिरजकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या गावाला आरोग्यपंढरी म्हणतात. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कोकणातून, बेळगाव-विजापूरकडून, पंढरपूरच्या बाजूने माणसं उपचारासाठी मिरजेत उतरतात. कुणी कुबड्या घेऊन, कुणी वॉकर घेऊन, कुणी व्हीलचेअरवर. बऱ्याच दवाखान्यांच्या दारात आता रॅम्प असतो, आत लिफ्ट असते. पण स्टेशनातून बाहेर पडल्यावर त्या रॅम्पपर्यंत पोहोचायचं कसं? हे काम दवाखान्याचं नाही, गावाचं आहे, म्हणून हे आवाहन गावाला.

आमच्या समितीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. व्हीलचेअर त्या स्वतःच्या हातांनी चालवतात. शेजारी पदपथ असूनही त्या रस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या वडापच्या (प्रवासी जीपच्या) आणि ट्रॅक्टरच्या हॉर्नकडे कान ठेवून जातात, कारण पदपथाची पायरी सहा इंचांची. जिथे उतार आहे, तिथे तो दुकानदाराने दुचाकी वर घ्यायला सिमेंट थापून केलेला, जेमतेम दीड-दोन फुटांचा. व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण 1:12 धरतात. म्हणजे सहा इंच चढायला सहा फुटांचा उतार हवा. दीड फुटांच्या उतारावर खुर्चीची पुढची छोटी चाकं उचलली जातात आणि माणूस पाठीमागे पडतो. हा हिशोब गवंड्याला समोर बसून सांगितला की लगेच पटतो. पण तो सांगायला कुणी जातच नाही.

दुसरे सहकारी तबल्याचे शिक्षक आहेत, अंध आहेत. त्यांच्या पांढऱ्या काठीला खड्डा कळतो, उघडं गटार कळतं. दुकानाबाहेर आलेला एसीचा डबा किंवा कपाळाच्या उंचीला बांधलेली फ्लेक्सची लोखंडी चौकट मात्र कळत नाही, कारण तिच्याखाली जमीन मोकळी असते. पदपथावरच्या पिवळ्या फरश्या शोभेसाठी नसतात. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. चपलेच्या तळव्यातून हे वाचता येतं. जपानमध्ये ओकायामा शहरात 1967 मध्ये त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या आणि आता जगभर आहेत. पण पट्ट्यांची ओळ सरळ विजेच्या खांबावर नेऊन सोडली, तर ती नसलेलीच बरी. ज्याने तिच्यावर भरवसा ठेवला, त्याचंच डोकं फुटतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम पाळले नसतील तर बांधकामाचा आराखडा मंजूर करू नये, पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला बजावलं की नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, बंधनकारक निकष करा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा दिव्यांगत्वाचे 8 प्रकार मोजले होते, आजच्या कायद्यात 21 आहेत.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. याबद्दल आमचं मत ठाम आहे : पदपथाचा उतार त्या निधीतून करू नये. तो पैसा औषधाला, उपकरणांना, रोजगाराला लागतो. उतार हा रस्त्याचाच भाग आहे, त्याचा खर्च रस्त्याच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. काँक्रीट ओतताना उतार काढायला फारसा जादा खर्च येत नाही, नंतर फोडून काढायला येतो.

म्हणून समितीने ठरवलं आहे, आधी मोजायचं. मिरज जंक्शन ते एसटी स्थानक आणि तिथून दवाखान्यांच्या भागापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजू. ‘रस्ते खराब आहेत’ असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. ‘या खांबापाशी पदपथ 60 सेंटिमीटरच उरतो, व्हीलचेअरला किमान 90 लागतात’ असं फोटोसह लिहून दिलं, तर कनिष्ठ अभियंत्याला ते अंदाजपत्रकात घालता येतं. दुचाक्या अडवायला लावलेल्या खांबांमधलं अंतरही मोजू, कारण त्या खांबांत खुर्चीही अडकते. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक तयार व्हायच्या आत, डिसेंबरअखेर, हा अहवाल पालिकेत द्यायचा आहे.

यासाठी माणसं हवीत, आणि सगळ्यांत आधी स्वतः दिव्यांग असलेली माणसं. मोजणी त्यांच्या सांगण्यावरून होईल, बाकीचे टेप धरतील. कर्णबधिर मंडळींनीही अवश्य यावं. फलाटावर गाडी बदलल्याची घोषणा, ओपीडीत हाक मारून पुकारलेला नंबर या त्यांच्या अडचणी दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. सांकेतिक भाषा जाणणारं कुणी सोबत आलं तर फारच उपकार होतील. पॉलिटेक्निक आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी नकाशे काढून द्यावेत. निवृत्त ओव्हरसिअर, गवंडी, फॅब्रिकेशनवाले यांच्या अनुभवाची फार गरज आहे.

दुकानदार बांधवांना वेगळी विनंती. पायरी फोडणं लगेच शक्य नसेल, तर चेकर्ड प्लेटचा (न घसरणाऱ्या नक्षीदार पत्र्याचा) उचलता येणारा लोखंडी उतार दुकानात ठेवा, गिऱ्हाईक आलं की टाका. पत्रा आणि वेल्डिंगची मजुरी कुणी देणार असेल तर माप आम्ही काढून देऊ. आणि फ्लेक्स डोक्याच्या वर बांधा, हे आजच करता येईल.

पैसेही लागतील. दिव्यांग सहकाऱ्यांचं रिक्षाभाडं, मोजमापाची साधनं, छपाई, चहा-नाश्ता, एवढाच खर्च आहे. शंभर रुपयेही चालतील. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला समितीच्या फलकावर लागेल. पैशांऐवजी कुणी वापरात नसलेली चांगली व्हीलचेअर दिली, तर मोजणीला दोन गट करता येतील.

मोजणी दर रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनच्या मुख्य दारापासून सुरू होईल. ऊन चढायच्या आत संपवू. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि असेल तर मोजपट्टी आणा. ज्यांना घरातून निघायलाच अडचण आहे त्यांनी समितीकडे निरोप द्यावा, रिक्षा दारापर्यंत पाठवू.

आपले नम्र,
समितीचे सर्व कार्यकर्ते, मिरज