आधी मजुरी, मग दान

संपादक महोदय,

प्रामाणिकपणाचा विषय निघाला की आम्ही ख्रिस्ती लोक ‘चोरी करू नको’ एवढे सांगून मोकळे होतो. प्रेषित पौल मात्र बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायात पुढे जातो: चोराने चोरी सोडावी, स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, तेही गरजवंताला देता यावे म्हणून! पौल स्वतः तंबू तयार करून पोट भरत असे. मला जास्त बोचतो तो बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरीच तिथे ओरडते. कामगाराचा पगार लटकवायचा, ओव्हरटाइमचे तास हजेरीतून गाळायचे आणि रविवारी दानपेटीत नोट टाकायची, ही देवाचीही फसवणूक आहे. येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करायची तयारी दाखवली होती. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मालकांनी निदान थकलेली मजुरी तरी चुकती करावी.

– एक ख्रिस्ती वाचक