व्याख्या आणि मान्यता

निपाणी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा कच्चा मसुदा वाचला. पहिल्याच पानावर तू धर्म म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा असे म्हटले आहेस, ते मला पटले नाही. आपल्या शेजारच्या जैन काकू जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर मानत नाहीत. तरी पाणी गाळून भरतात, आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेतात, मग घरी पाहुणे असोत की लग्नकार्य. तुझ्या व्याख्येत त्यांच्या या आचरणाला जागा कोठे आहे? उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच स्पष्ट केले होते की धर्माला ईश्वर असलाच पाहिजे असे नाही, आणि विधी, उपासनापद्धती, इतकेच नव्हे तर खाणेपिणे आणि पोशाख यांविषयीचे नियमही धर्मात मोडू शकतात. व्याख्या एवढी ऐसपैस असावी, असे माझेही मत आहे.

यावर तू सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचे उदाहरण पुढे करशील, हे मी जाणतो. परडी भरणे, भंडारा उधळणे हे धर्मात धरले, तर यल्लम्माला मुली सोडणे, म्हणजे देवदासी प्रथाही, धरावी लागेल, ही तुझी अडचण खरी आहे. तरीही ज्या घरांनी मुलीच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधले त्यांनी ते धर्म म्हणूनच बांधले, आणि ते धर्मच नव्हे असे आज म्हटल्याने आपण फक्त धर्माची अब्रू राखतो. कर्नाटकाच्या 1982 च्या कायद्याने ही प्रथा गुन्हा ठरवली, ते योग्यच झाले. त्यासाठी व्याख्या आखडण्याची गरज नाही, कारण घटनेच्या 25 व्या अनुच्छेदानेच धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले असून समाजसुधारणेच्या कायद्यांना वाट मोकळी ठेवली आहे.

न्यायालयांची वाट मात्र पुढे बदलली. 1961 च्या अजमेर दर्ग्याच्या निकालात अंधश्रद्धेतून आलेल्या चालीरीती धर्माच्या मूळ गाभ्यापासून वेगळ्या काढण्याची भाषा आली, आणि अमुक प्रथा त्या धर्माला ‘अत्यावश्यक’ आहे की नाही हे न्यायाधीशच पोथ्या चाळून ठरवू लागले. (आपल्याकडचे वकील या शब्दावर तासन्‌तास बोलतात.) माझ्या मते ‘हा धर्म आहे का’ आणि ‘हे चालू द्यावे का’ हे प्रश्न निराळे ठेवावेत, तू ते एकाच परिच्छेदात उरकले आहेस. तेव्हा शिरूर मठाचा निकाल तळटीपेतून काढून मुख्य मजकुरात घे, आणि देवदासी प्रथेवरील भाग घटनेच्या प्रकरणात हलव. बदललेली पाने छापून पाठव, मोबाईलवर वाचताना डोळे दुखतात.

तुझे,
बाबा