‘गरज नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

विष्ठेचा दाता म्हणून आपणहून नाव द्यायला आलेला मी तुमच्याकडचा बहुधा पहिलाच म्हातारा. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आजाऱ्याच्या आतड्यात सोडतात, असं वाचलं होतं. सात वर्षांच्या नातीचं पोट सारखं दुखायचं, सोनोग्राफी-रक्त सगळं नॉर्मल. म्हटलं, माझा कोठा उत्तम आहे, घरचाच माल!

तुम्ही हसला नाहीत. पेन खाली ठेवलंत आणि बाहेर गर्दी असताना मला नीट समजावलंत. उपचार खोटा नाही. अँटिबायोटिक्सनंतर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल हा जंतू काहींच्या आतड्यात पुनःपुन्हा उसळतो, त्याने होणाऱ्या जुलाबांवर हा उपचार चालतो. २०१३ साली छापून आलेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले. पण अवयव धडधाकट आणि काम तेवढं बिनसलेलं, अशा मुलांच्या तक्रारींवर पुरेसा पुरावा अजून नाही. शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याकडून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय या जंतूने एक रुग्ण दगावला. तेव्हा ‘आजोबा ठणठणीत आहेत’ एवढ्यावर भागत नाही, म्हणालात.

मग नातीकडे वळून विचारलंत, “शाळेतल्या संडासाला कडी लागते का गं?”

नव्हती लागत. इतक्या तपासण्या झाल्या, हे कुणी विचारलं नव्हतं.

केसपेपरच्या मागे तुम्ही चित्र काढलंत: मुलगी शी दाबून धरते, मळ सुकून खडा होतो, आतडं ताणतं, जाणीव बोथट होते, आणि खड्याच्या कडेने पातळ झिरपून चड्डी खराब होते. याच झिरपण्याला जुलाब समजून आधीच्या एका दवाखान्याने संडास बांधायची औषधं दिली होती!

आधी साठलेलं मोकळं केलंत, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून. जेवल्यावर आतडं आपसूक हलतं, म्हणून लगेच पाच-दहा मिनिटं कमोडवर, पायाखाली पाट. पावडर पाणी धरून मळ मऊ ठेवते, तिची सवय लागत नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. एकदा मला, एकदा सूनबाईला. (मुलाला सांगून उपयोग नव्हता, तो फोनवर होता.)

तुमची चिठ्ठी वर्गाच्या बाईंना दिली. कडी बसली. बाई तिला मधल्या सुट्टीआधीच सोडतात. पोटदुखी जवळजवळ गेली, चड्डी खराब होत नाही. पावडर मात्र तुम्ही सांगाल तेव्हाच कमी करू.

मनापासून आभार. आणि एक विनंती: ते चित्र मोठं करून बाहेर बाकांसमोर लावा. सूनबाईचा हात चांगला आहे, ती रंगवून देईल. मापाचं तेवढं कळवा.

आपला,
दाता होता होता राहिलेला आजोबा
वर्तकनगर, ठाणे