रोज बाराशे आणि एक अंगठा

दिवेआगर, १२ नोव्हेंबर २०२४

चि. मंगेश यास अनेक आशीर्वाद.

परवा तू सावंतवाडीच्या गाडीला निघालास तेव्हा मी शिंपण्याचे निमित्त करून वाडीतच थांबलो, हे तुझ्या लक्षात आले असेलच. आदल्या रात्री मी जे बोललो ते पैशांवरून बोललो असे तुला वाटले असावे, आणि खरे सांगायचे तर मीही तेच सोंग घेतले होते. म्हणून आधी पैशांचाच हिशेब लिहितो.

ठेकेदार रोज बाराशे देणार, असे तू आईला सांगितलेस. रोजगार हमीवर यंदा २९७ रुपये मिळतात, तेव्हा आकडा मोठा दिसतो खरा. परंतु झाडे कापायचे साखळीचे यंत्र तुझे, पेट्रोल तुझे आणि साखळीही तुझीच. दिवसाला तीन लिटर पेट्रोल धरले तर तीनशेच्या वर गेले. त्यात मिसळायचे ऑइल, साखळीवर सोडायचे वेगळे तेल आणि साखळीची झीज धरली की साडेचारशे सहज जातात व हाती साडेसातशे उरतात. ठेकेदाराचे यंत्र चालवणाऱ्याला आठशे मिळतात, असे तूच म्हणालास. म्हणजे घरचे यंत्र नेऊन तू पन्नास रुपयांनी खालीच राहिलास. पावसाळा वगळून वर्षाचे दीडशे दिवस भरले तरी १,१२,५०० होतात, महिन्याला साडेनऊ हजारसुद्धा नाहीत. यंत्राचे भाडे वेगळे मागून घे, आणि मागताना लाजू नकोस.

घनफुटावर किंवा उक्ते काम मात्र घेऊ नकोस. रोजावरचा माणूस दमला की बसतो, उक्त्यावरचा बसत नाही, आणि पात्याच्या टोकाची वरची कड लाकडाला टेकली की यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत उलटून अंगावर येते. हे मी तुला शिकवावे असे नाही. माझे आयुष्य कुऱ्हाड आणि करवतीत गेले, यंत्र तू शिकलास. व्याख्यान झाले, रागावू नकोस.

तरी एक लिहितोच. कायद्यातही दर ठरलेले आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरतात, तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. अण्णांच्या वेळी वकिलाने मला हे वाचून दाखवले आणि त्याच दमात विचारले, की हजेरीपटावर नाव आहे का? नव्हते. मुकादम म्हणाला, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. अण्णा त्यानंतर सुपारी सोलायलासुद्धा बसले नाहीत, हे तू लहानपणापासून पाहिलेस. पण त्याचे कारण आम्ही तुला कधी नीट सांगितले नाही.

तुला निसर्ग वादळ आठवते ना? ३ जून २०२०. तुझा बारावीचा निकालही लागला नव्हता. वाडीतली सुपारी आडवी झालेली, वीज नाही, रस्ता बंद, आणि तू कोणाचे तरी यंत्र मागून आणून बायोच्या घरावर पडलेला फणस तुकडे तुकडे करून उतरवलास. तिने पैसे पुढे केले, ते तू घेतले नाहीस. मी पाराजवळ उभा राहून पाहत होतो. एक ताणलेली फांदी सुटून तुझ्या कानाजवळून गेली, तेव्हा तू हसलास आणि मी मात्र खाली बसलो. त्या दिवशी चार जणांनी मला तुझे कौतुक ऐकवले. त्यांतले एक अक्षरही माझ्या लक्षात राहिले नाही, तुझा तो कान तेवढा लक्षात राहिला.

पुन्हा तेच लिहिले. पत्र पैशांविषयी लिहायचे असे ठरवून बसलो होतो. बाराशे मिळोत वा आठशे, त्यावरून आता मी वाद घालणार नाही; पण वहीत तुझे नाव पहिल्या दिवसापासून चढले आहे का, तेवढे पाहून कळव. नाव नसेल तर जितके दिवस भरले तितक्यांचे पैसे घे आणि परत ये, घरी कोणी एक शब्द बोलणार नाही. मी तर नाहीच.

आई कुळथाची पिठी पाठवते आहे.

तुझा,
बाबा

ता. क. गोल कानस तू खिडकीतच विसरलास. साखळी बोथट झाली की हाताने रेटावे लागते. उद्याच्या एसटीने ती पिठीच्या डब्यासोबत पाठवतो. ती मिळेपर्यंत मोठ्या झाडाला हात लावू नकोस.